शाळेच्या नावाची सरी

देवणी तालुका लातूर जिल्ह्याच्या कडेला, कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्याला खेटून आहे. बाहेरच्यांना हे नाव ठाऊक असते ते देवणी गायी-बैलांमुळे. वलांडी, बोरोळ किंवा तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात आज रेशनचे धान्य येते. ते उशिरा येते, मापात मार बसतो, मशीनवर अंगठा उमटत नाही, या तक्रारी होत असतात. तरीही 2013च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी 2023पासून ते फुकट मिळते आहे. 1972च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या पिढीला हे सांगूनही खरे वाटले नसते. धान्याची चिंता संपली असे नव्हे, पण तिची धार कमी झाली. त्या धान्याच्या भाकरी-पोळीसोबत ताटात काय पडते, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. मजुराच्या घरी ठेचा, तिखट-तेल, फार तर पातळ वरण. भाजी बाजाराच्या दिवशी येते आणि दोन दिवसांत संपते. आणि त्याच गावात विहीर-बोअर असलेल्याच्या वाफ्यात मेथी फुलावर येऊन जून होते, वांगी पिवळी पडून गुरांपुढे जातात, वेलावर झाकलेला दोडका सापडतो तेव्हा त्याची घासणी झालेली असते. उरलेले वाटून टाका, एवढे सांगण्यासाठी लेख लिहायची गरज नाही. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. ज्याच्याकडे पाणी आहे त्याने पेरणीच्या वेळीच एक सरी जादा काढावी, ती गावच्या शाळेच्या आणि अंगणवाडीच्या पातेल्यासाठी आहे हे आधी ठरवावे, आणि तिथला माल दुसरीकडे वळवू नये. माळव्याची सरी ही फार मोठी गोष्ट नाही. पण ती कधी ठरते आणि तिचा माल कुठे जातो, यावर सगळे अवलंबून आहे.

आधी सरकारचे पाहू, कारण पहिला सवाल तोच येतो: सरकार कशाला आहे? सरकारची अन्नव्यवस्था गोदाम, निविदा, कंत्राटदार आणि मालमोटार यांच्या बळावर चालते. या साखळीतून तेच जाऊ शकते जे महिनोन्‌महिने टिकते. 2022च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते. त्यात पालकाची जुडी का नव्हती असे कुणी विचारले नाही, कारण उत्तर उघड होते. सकाळी खुडलेली मेथी संध्याकाळी माना टाकते आणि तिला गोदाम मानवत नाही. शाळेतल्या पोषण आहारातही हीच अडचण आहे. ठरलेल्या मापानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल मिळायला हवे. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. यातले तांदूळ पोत्याने येतात. भाजी तेवढी शाळेने स्थानिक बाजारातून आणायची असते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि सरपण-गॅस मिळून प्राथमिकच्या मुलामागे मे 2025पासूनचा दर 6 रुपये 78 पैसे आहे. वरच्या वर्गांना 10 रुपये 17 पैसे. या रकमेतून डाळ आणि इंधन वजा केले की भाजीच्या वाट्याला काय उरते, हे कुठल्याही घरच्या बाईला तोंडी सांगता येईल. मग खिचडीत चार फोडी बटाट्याच्या, एखादा टोमॅटो आणि पिवळा रंग. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजार आठवड्यातून एकदा भरतो, शाळेत फ्रीज नसतो, आणि पैसे कधी जमा होतील याचा नेम नसतो.

ही भाजी ताटात नसण्याने काय होते, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने (2019-21) आकड्यांत मांडले आहे. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्क्यांच्या. पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024मध्ये सुधारलेल्या आहार-मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सुचवली आहेत. त्या मानाने शाळेतले 50 ग्रॅम ही नुसती चव घेण्याची सोय, आणि तीही पुरी होत नाही. इथे एक सावधगिरी हवी. पालेभाजी खाल्ली की रक्त वाढते, हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो. पानातले लोह शरीर थोडेच शोषते. लिंबू, आवळा, शेवग्याचा कोवळा पाला असे क सत्त्वाचे काही सोबत असले तर जास्त शोषते. जंत, वारंवारचा ताप, लवकर लग्न, लागोपाठची बाळंतपणे हीसुद्धा रक्त कमी असण्याची कारणे आहेत आणि ती भाजीने जात नाहीत. भाजीबद्दल खात्रीने म्हणता येते ते इतकेच की अ आणि क सत्त्व, फोलेट, चोथा या गोष्टी रेशनच्या पोत्यातून येत नाहीत आणि गोळ्या-औषधांतून रोज भरून निघत नाहीत. शिवाय ज्या मुलाने लहानपणी चुका, शेपू, अंबाडी कधी तोंडात घातली नाही, ते मोठेपणी पैसे आले तरी ती विकत घेत नाही. चिप्सची पुडी घेते.

आता या प्रकरणातली जी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सहसा कुणी मांडत नाही. गरिबाच्या घरात पालेभाजी नव्हती असे पूर्वी नव्हते. पावसाळ्यात ती रानातून येत होती. निंदायला-खुरपायला गेलेली बाई दिवसभर दुसऱ्याच्या ज्वारी-तुरीत तण काढायची आणि त्याच तणातून तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, कुर्डू वेचून परतताना ओच्यात घेऊन यायची. मालकाला त्याचे काही वाटत नसे, कारण ते त्याच्या पिकाचे नव्हतेच. हा कुठे लिहिलेला हक्क नव्हता, पण मृगापासून दिवाळीपर्यंत भूमिहीन घराची भाजी यावर चालत होती. गेल्या तीन दशकांत लातूर जिल्ह्याचे रान सोयाबीनने व्यापले. सोयाबीनबरोबर तणनाशक आले, कारण मजूर महाग झाला आणि पावसात खुरपणीला वाफसा मिळत नाही. इमाझेथापायरची एक फवारणी झाली की रुंद पानाचे बरेचसे तण बसते, आणि तांदुळजा, घोळ हे शेतकऱ्याच्या आणि औषधाच्या लेखी तणच. बाईची मजुरीही गेली आणि ओच्यातली भाजीही. तणनाशक फवारणाऱ्या शेतकऱ्याला यासाठी खलनायक ठरवायचे कारण नाही. सोयाबीनचा भाव आणि एकरी खर्च ज्याने पाहिला आहे तो असे बोलणार नाही. पण ज्याच्या रानात कालपर्यंत सगळ्या वाडीची पावसाळी भाजी उगवत होती, त्याने आज शाळेसाठी एक सरी काढली तर तो फार मोठे दान करतो आहे असे मला वाटत नाही. न सांगता बंद झालेली एक जुनी वाट तो दुसरीकडून खुली करतो आहे. जादा सरीकडे मी उपकार म्हणून न पाहता देणे म्हणून पाहतो, त्याचे मुख्य कारण हे.

देण्याची सवय इकडे नव्याने शिकवायची नाही. वानोळा देणे हा मराठवाड्यातल्या शेतकरी घराचा स्वभाव आहे. पहिली काकडी, पहिली मक्याची कणसे, हुरडा, शेंगा, ओला हरभरा, पिशवी भरून वांगी दुसऱ्याच्या घरी गेल्याशिवाय पीक आल्यासारखे वाटत नाही. मात्र हा वानोळा कुणाकडे जातो ते नीट पाहावे. लेकीच्या सासरी जातो, लातूर-उदगीरला नोकरीत असलेल्या भावाकडे जातो, डॉक्टरकडे, तहसीलमधल्या ओळखीच्या साहेबाकडे जातो. म्हणजे तो आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाकडे जातो. त्यात काही गैर नाही, नाती अशीच सांभाळली जातात. पण ज्याच्याकडून परत काही येण्याची शक्यता नाही त्याच्या दारी वानोळा सहसा जात नाही. तिथे जाते ते उरलेले: जून भेंडी, टोक लागलेली वांगी. शाळेतल्या देणग्यांचीही हीच तऱ्हा. पोषण आहार योजनेत गुजरातहून आलेली ‘तिथिभोजना’ची सोय आहे. वाढदिवस किंवा पुण्यतिथीला गावकऱ्याने मुलांना जेवण द्यावे अशी कल्पना. त्या दिवशी जिलेबी येते, बुंदी येते, केळी येतात, देणाऱ्याचे नाव माईकवर पुकारले जाते, फोटो निघतो. शेपूच्या चार पेंड्या देणाऱ्याचा फोटो कोण काढणार? म्हणून शेपू येत नाही. मुलांना जिलेबी आवडते हेही खरेच, पण वर्षातून तीनदा मिळालेल्या जिलेबीने रोजच्या ताटातली उणीव हलत नाही.

अमेरिकेत हा विचार एका बागकाम-लेखकाने मांडला होता. अलास्कातल्या अँकरेजचे जेफ लोवनफेल्स यांनी 1995मध्ये आपल्या वृत्तपत्रीय सदरातून वाचकांना आवाहन केले की भाजीची एक ओळ जास्त लावा आणि ती गावातल्या बीन्स कॅफे या मोफत स्वयंपाकघराला द्या. पुढे बागकाम-लेखकांच्या संघटनेने ते देशभर नेले. त्या देशात असे दान घेणारी व्यवस्था आधीच उभी होती. फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी 1967मध्ये पहिली अन्नपेढी काढली होती, आणि दिलेल्या अन्नाने बाधा झाली तर सद्‌भावाने देणाऱ्यावर दावा चालू नये म्हणून 1996मध्ये कायदाही झाला. यातली घेण्यासारखी गोष्ट कोणती आणि सोडण्यासारखी कोणती, हे आपण निवडले पाहिजे. घेण्यासारखा आहे तो ‘आधी ठरवण्या’चा भाग. उरलेल्यातून देताना देणाऱ्याची सोय पाहिली जाते. पेरतानाच ठरवले की घेणाऱ्याची गरज विचारात येते. म्हणजे मुलांना शिजवायला काय सोपे, काय एकदम न येता आठवड्याला थोडे थोडे मिळेल, काय उन्हाळ्यापर्यंत टिकेल. सोडण्यासारखी आहे ती वेगळी अन्नपेढी. देवणीत दारिद्र्याचा पुरावा दाखवून पिशवी घेऊन रांगेत उभे राहण्याची आणखी एक जागा कशाला हवी? चूल, पातेले, शिजवणारी बाई, हजेरीपट आणि रोजची वेळ असलेली जागा प्रत्येक गावात सरकारने आधीच दिली आहे. तिच्यात एक गोष्ट कमी पडते, ती गावाकडे आहे.

किती कमी पडते, याचा हिशेब मांडला की काम आवाक्यातले वाटते. पहिली ते पाचवीच्या साठ मुलांच्या शाळेला माणशी 50 ग्रॅमप्रमाणे रोज 3 किलो भाजी लागते. वर्षात शाळेचे 220 दिवस धरले तर 660 किलो. एका गुंठ्यात पालकासारखी भाजी तीन-चार कापण्यांत साधारण शंभर किलो निघते, लाल भोपळा बराच जास्त. म्हणजे साठ मुलांच्या शाळेची वर्षभराची सगळी भाजी सहा-सात गुंठ्यांत होते, एकराच्या जेमतेम सहाव्या हिश्श्यात. गावाचे शिवार शेकड्यांनी एकर असते. वीस घरांनी गुंठ्याचा तिसरा भाग दिला तरी काम होते. हा तिसरा भाग म्हणजे अकरा फूट रुंद आणि तेहतीस फूट लांब वाफा, बोअरच्या हौदाजवळ बसणारा. सगळी भाजी गावानेच द्यावी असेही नाही, निम्मी दिली तरी शाळेच्या हातातल्या पैशांतून डाळ जरा घट्ट करता येईल. या हिशेबात एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही: भाजी सरासरीने येत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात सगळ्यांची मेथी एकदमच येते आणि वैशाखात कुणाकडेच काही नसते. म्हणून वीस घरांनी वीस वेळा तेच लावून चालणार नाही. कुणी शेवगा लावावा, कुणी अंबाडी-चुका, कुणी बांधावर लाल भोपळ्याचा वेल सोडावा, कारण पक्का झालेला भोपळा सावलीत महिना-दोन महिने राहतो आणि शाळेच्या बाईला तो चिरायला सोपा जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती देशी बियाणे राखण्याच्या कामासाठी. वालाच्या, भोपळ्याच्या, पालेभाजीच्या या बियांचा एक गुण असा की त्या पुढच्या वर्षी पुन्हा विकत आणाव्या लागत नाहीत. जादा सरीला तोच गुण लागतो.

आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप हक्काच्या बाजूने येतो. 2001च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो कुणाच्या दयाबुद्धीवर विसंबून नव्हता. आता गावाने फुकट भाजी द्यायला सुरुवात केली तर सरकार म्हणेल, लोकसहभाग चांगला आहे, मग दर वाढवायची घाई काय? ही भीती काल्पनिक नाही. जॅनेट पॉपेनडीक या अमेरिकी अभ्यासिकेने 1998च्या ‘स्वीट चॅरिटी?’ या पुस्तकात तिथल्या अन्नपेढ्यांवर हाच आरोप ठेवला, की दानशूरांची लगबग वाढत गेली आणि सरकार मागे सरकत गेले. आपल्या संतकथेतही जबाबदारी सरकारी कोठारावरच टाकलेली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात लोकांसाठी उघडले ते स्वतःचे कणगे नव्हते, बीदरच्या बादशाहाचे धान्य होते, आणि ते बीदर देवणीहून काही लांब नाही. मी हा आक्षेप मान्य करतो, पण त्यातून निघणारा ‘मग काही देऊ नका’ हा निष्कर्ष मान्य करत नाही. धान्य आणि पैसा ही सरकारची बाजू आहे. तिथे गावाने एक पैसाही आपल्या अंगावर घेऊ नये, उलट दर वाढवून मागावा. हिरवे पान ही अशी वस्तू आहे की सरकारने पैसे दुप्पट केले तरी ते लातूरच्या आडतीतून शिळे होऊनच येणार. केंद्राने 2019मध्ये शाळांतल्या पोषणबागांसाठी सूचना काढल्या, महाराष्ट्रात शाळांच्या परसबागांच्या स्पर्धाही होतात, त्या याच जाणिवेतून. पण शाळेच्या परसबागेला कुंपण नसते, सुटीत पाणी घालायला कुणी नसते, आणि हौशी गुरुजींची बदली झाली की ती वाळते. शिवारातल्या सरीला मालक असतो.

दुसरा आक्षेप अपमानाचा आहे, आणि मराठवाड्यात तो पोटतिडकीने ऐकला पाहिजे. गावगाड्यात देणे होतेच. खळ्यावरचे बलुते होते, येसकराच्या टोपलीतली भाकर होती, आणि प्रत्येक घासाबरोबर घेणाऱ्याची पायरी त्याला दाखवली जात होती. मार्च 1927मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा असे सांगितले, तेव्हा मिळते ते घ्यावे या शहाणपणाला त्यांनी कायमचा नकार दिला. त्यानंतर ‘पाटलाच्या वाड्यातून भाजी आली’ असे म्हणणारी कुठलीही योजना संशयानेच पाहिली जाणार आणि तसेच व्हायला हवे. म्हणून माल कुठे जातो हा मुद्दा मी सुरुवातीलाच धरला. दारोदार जाऊन दिलेली भाजी उपकार होते. सार्वजनिक पातेल्यात पडलेल्या भाजीवर कुणाचे नाव राहत नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पीठ, डाळ, भाजी कुणी आणून दिली हे पंगतीत बसलेल्याला माहीत नसते, आणि देणाराही त्याच पंगतीत जमिनीवर बसून जेवतो. ही व्यवस्था आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात अठराव्या शतकापासूनच्या परंपरेने चालते आहे आणि तिला कुणी भीक म्हणत नाही. शाळेचे पातेले मात्र लंगर होण्यापासून अजून लांब आहे. कुठल्या जातीच्या बाईने शिजवले यावरून मुलांना घरी जेवायला बोलावणारे पालक महाराष्ट्रात नाहीत असे छातीवर हात ठेवून कुणी म्हणणार नाही. शिवाय ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांची मुले सकाळच्या पिवळ्या गाडीत बसून उदगीरच्या इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती मजुरांची, सालगड्यांची, ऊसतोडीला गेलेल्यांनी आजीपाशी ठेवलेली मुले. म्हणजे देणारा एका पंगतीत आणि खाणारा दुसऱ्या. यावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. इतके मात्र दिसते की भाजी देणारा माणूस महिन्यातून एकदा तरी शाळेच्या वऱ्हांड्यात येतो, पातेल्यात डोकावतो, तांदळात अळ्या आहेत का ते बघतो. आज त्या पातेल्यात डोकावायला गावातल्या वजनदार माणसाला काही कारणच उरलेले नाही.

पाण्याचा आक्षेप लातूर जिल्ह्यात कुणी हसण्यावारी नेणार नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, ती गोष्ट जुनी झालेली नाही. प्यायला पाणी नाही तिथे कसली सरी? पण कॅलेंडर समोर ठेवून पाहिले तर हा आक्षेप बराच आकसतो. शाळा जूनच्या मध्यात उघडते. तेव्हापासून सप्टेंबरअखेर पावसावरच अंबाडी, तांदुळजा, भोपळा, दोडका, गवार, बरबटी होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे विहिरींना पाणी असलेले महिने, आणि पालेभाजीचा खरा हंगामही तोच. ओढ असते ती मार्च-एप्रिलमध्ये. तिथे शेवगा उपयोगी पडतो. एकदा मुळे धरली की तो फार पाणी मागत नाही, नेमक्या त्याच दिवसांत शेंगांनी लगडतो आणि पाला जवळजवळ वर्षभर देतो. अंबाडीचा आणि शेवग्याचा पाला सावलीत वाळवून ठेवण्याची रीत आपल्या आज्यांना माहीत होती. सांडगे-वाळवणांच्या प्रदेशात ती मुद्दाम शिकवायला नको. मे महिन्यात शाळा बंद असते हा भाग उरतोच. टंचाईग्रस्त भागात उन्हाळी सुटीतही जेवण द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने 2004मध्ये सांगितले होते. तशी वेळ आली की त्या दिवसांसाठी भोपळे आणि वाळवलेला पाला एवढाच आधार असेल, ताज्याची अपेक्षा धरू नये.

शेतकरी स्वतःच बुडतो आहे, त्याच्याकडे कसले मागता, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की हा शेतकरी म्हणजे घरातले नेमके कोण? सोयाबीनचा पेरा पुरुष ठरवतो. घरचे माळवे बाई ठरवते, आणि तिला सरी द्या म्हटले तर ती आकाशाकडे बोट दाखवत नाही. मात्र तिच्या हाती जमीन असावी लागते. 1993च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हा मुद्दा मराठवाड्यात हाती घेतला. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा बाईच्या निर्णयावर सोडायचा, तिने त्यात आधी घराला लागणारी धान्ये, कडधान्ये आणि भाजीपाला सेंद्रिय पद्धतीने घ्यायचा, मग उरलेला विकायचा. या कामाला 2017मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. लातूर-धाराशिवच्या दुष्काळी पट्ट्यात बाईच्या हातचा तुकडा घराला भाजी पुरवू शकतो, एवढे तरी यातून ठरले. बचत गटांचे जाळे आता बहुतेक गावांत आहे, काही ठिकाणी अंगणवाडीचा आहार गटच शिजवतात. शाळेची सरी पहिल्यांदा निघेल ती अशाच तुकड्यात, ग्रामसभेच्या ठरावातून नव्हे.

याच तुकड्यांमुळे आणखी एक धोका टळतो. बिहारच्या गंडामन गावात 16 जुलै 2013 रोजी शाळेतले जेवण जेवून 23 मुले दगावली, कारण तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले होते. बाजारासाठीच्या वांग्यांवर आणि फुलकोबीवर आठवड्याला किती हात फवारणी होते, हे ज्याला माहीत आहे तो भाव पडल्यावर ट्रॉलीभर वांगी शाळेला पाठवायला धजणार नाही, आणि मुख्याध्यापकांनी ती घेऊही नयेत. शाळेच्या सरीवर फवारणी नाही, ही पहिली अट. कीड पडली तर त्या आठवड्यात भाजी नाही. भाजी सकाळी दहाच्या आत यावी, काट्यावर मोजावी, मीठ घातलेल्या पाण्यातून काढावी, आणि वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेण्याचा जो नियम आहे तो त्या दिवशीही पाळावा. पोषण आहाराच्या नोंदवहीत तिच्यासाठी वेगळा रकाना पाडावा आणि त्यात फक्त तारीख, भाजी आणि किलो लिहावेत. शाळेच्या खात्यातून भाजीसाठी येणारी रक्कम त्या महिन्यात एक रुपयानेही कमी होता कामा नये. ती डाळीला आणि तेलाला लागेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वर्षाअखेरीस हा रकाना मोठ्याने वाचला, की कुठल्या महिन्यात मुलांच्या ताटात हिरवे काहीच नव्हते ते कळेल, आणि जूनच्या पेरणीला कुणी कुठले बी टाकायचे ते तिथेच ठरवता येईल.